धुळीचा पातळ थर

मंगरूळपीरच्या रस्त्यावर आमच्या डाळमिलला लागूनच दुसरी डाळमिल आहे. तिथलं धूळ ओढायचं मशीन सांभाळणारा माणूस मला रोज तारेच्या कुंपणातून दिसायचा, आणि रोज माझा जळफळाट व्हायचा.

मशीन आमचंही तसंच, धूळ गाळायच्या कापडी पिशव्याही त्याच. पण माझ्या पिशव्या एका हंगामात फाटायच्या आणि त्याच्या तीन हंगाम टिकायच्या. मालक येता-जाता मला ते ऐकवायचे. मी तर रोज पिशव्या काठीनं झोडपून पांढऱ्या करायचो. तो मात्र तोंडाला दुपट्टा बांधून, मशीनवर तळहात टेकवून, दाबाच्या काट्याकडे बघत नुसता उभा राहायचा. कामचोर, असं मी मनात म्हणायचो.

शेवटी एकदा न राहवून विचारलंच, "तुमच्या पिशव्या काहून नाही फाटत?"

तो हसला. "तुमी जास्तच साफ करून राह्यले, भाऊ. पातळ थर राहू द्या. धूळच धुळीले अडवते. काटा चढला का मंगच झटका."

इतकं साधं होतं, आणि त्यानं ते सहज देऊन टाकलं. त्याचाच मला जास्त राग आला.

यंदा माझी एकही पिशवी फाटली नाही. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "कोणाकडून शिकला रे?"

"माझा मीच," मी म्हणालो.

तो आजही कुंपणापलीकडून हात करतो. त्याचं नाव मी कधीच विचारलं नाही. माहीत असतं, तर त्या दिवशी सांगावं लागलं असतं.