पश्चिमेची खिडकी आणि काळं तिखट

लातुरात माझं दोन मजली घर आहे आणि त्यात वारं सोडून सगळं येतं.

याला कारण आमचे दादा, म्हणजे माझे वडील. रेणापूरकडं त्यांची शेती, आणि उभा जन्म बांधाच्या भांडणात गेलेला. घर बांधायला काढलं तेव्हा इंजिनिअर म्हणाला, बाजूनं चार-पाच फूट सोडा, हवा खेळती राहील. दादा म्हणाले, "एक वीतबी सोडायची न्हाई. सोडली की शेजारी खातंय." मी भूगोलाचा मास्तर, पोरांना वाऱ्यांच्या दिशा शिकवतो. पण बापापुढं कसला भूगोल! भिंत हद्दीवर चढली. पश्चिमेला मोकळा प्लॉट होता, म्हणून तिकडं एक ऐसपैस खिडकी ठेवली (दुसऱ्याच्या प्लॉटवरचं वारं, फुकट!).

मग तो प्लॉट देवणीकडच्या मंगलकाकूंनी घेतला. त्यांनाही घरच्या कुणीतरी वडीलधाऱ्यानं हाच सल्ला दिला असावा. आता माझी खिडकी उघडली की हाताला त्यांच्या विटा लागतात.

आई गेल्यावर दादा गावात एकटे पडले. ते माझ्याजवळ राहावेत असं मला मनापासून वाटत होतं. लई विनवण्या केल्यावर ऐन उन्हाळ्यात आले, पण अट घालून: घरात वारं लागलं तर राहीन, नाहीतर रेणापूरची गाडी धरीन. कूलरला ते वारं मानत नाहीत. पहिल्याच दुपारी घामानं निथळत त्यांनी पिशवी भरायला घेतली.

माझ्यातला मास्तर जागा झाला. वारं पश्चिमेचं, मंगलकाकूंच्या गच्चीवरून जाणारं. तिथंच गाठायचं! जिन्याचं वरचं दार सताड उघडलं आणि त्यात एक भला मोठा पत्रा सुतळीनं तिरपा बांधला. बायको खालून म्हणाली, आधी शेजारच्या गच्चीवर काय चाललंय ते तरी बघा. मी म्हटलं, तुला वाऱ्यातलं काय कळतंय?

आणि खरंच वारं आलं! जिन्यातून भसाभस खाली. दादांचा सदरा हलला. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मी छाती फुगवून उभा राहिलो.

नेमक्या त्याच वेळी मंगलकाकू गच्चीवर चूल मांडून वर्षाचं काळं तिखट करत होत्या. घरात ठसका नको म्हणून मुद्दाम वर! मिरच्या कढईत पडल्या, आणि माझ्या पत्र्यानं सगळा धूर इमानेइतबारे आमच्या घरात आणून सोडला. दादा शिंकले, बायको शिंकली, मी शिंकत शिंकत जिना उतरलो तो थेट रस्त्यावर. तिघांना डोळे पुसत उभं असलेलं पाहून काकूंनी वरून हळहळत विचारलं, "कोण गेलं हो, मास्तर?"

दादांनी नाक पुसलं आणि एकदम थबकले. "हितं हाय की वारं."

असणारच. गल्लीत तेवढीच जागा कुणाच्या बापाची नव्हती, म्हणून तेवढीच मोकळी राहिली होती. बाज बाहेर आली, पिशवी आत गेली. दादा राहिले! मला रडू आलं. मिरची होतीच, त्यामुळं लाजायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर बाजेच्या चारी अंगांनी विटा मांडलेल्या.

"हद्द हाय," दादा म्हणाले. "उद्या मंगलची बाज आली म्हंजी?"

मी कपाळावर हात मारला. रस्ता सरकारचा आहे, तो असा अडवू नये, असं त्यांना चांगलं बजावलं. ते चहा प्यायला आत गेले. मी इकडंतिकडं बघितलं, आणि काकूंच्या बाजूची वीट पायानं हळूच वीतभर पुढं सरकवली.