चहा आणायला कोण गेलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

कॉलेजच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी मुंबईतल्या एका समुद्र-संशोधन संस्थेत इंटर्नशिप केली. उधाणाचं पाणी शेताचा कुठला बांध ओलांडेल, हे आधीच सांगणारा प्रोग्राम लिहायचा होता. मी मांडव्याजवळची, वैशाली पालीची. दोघी रायगडच्या म्हणून तिथल्या सरांनी आमची जोडी लावली. दोघींत एकच लॅपटॉप, तिच्या नावावरचा — कुणीही लिहिलं तरी नोंद तिच्याच नावाची. काय हसायचो आम्ही! नोकरीत मात्र एकीलाच ठेवणार होते. तिच्या आईनं बल्लाळेश्वराला नारळ बोलला होता — तोही म्हणे दोघींसाठी.

त्या शुक्रवारी एक चाचणी काही केल्या पास होईना. प्रोग्रामचं पाणी आणि खरं मोजलेलं पाणी यांत बोटभर फरक चालायचा; आमचा हातभर येत होता. माझी मांडव्याची शेवटची बोट सुटायला तासभरच उरला होता. वैशाली म्हणाली, "तू बस गो, मी चाय आणते. मग बघू." ती गेली — आणि मी चाचणीतच 'हातभर चालेल' असं करून टाकलं. पडद्यावर सगळं हिरवं झालं, म्हणजे पास. सोमवारी नीट करू, असं म्हटलं का मी स्वतःशी? म्हटलं असेन.

सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर प्रोग्राममध्ये एका जुन्या उधाणाचे आकडे घातले. त्या उधाणात माझ्या घरच्याच शेतात खारं पाणी शिरलं होतं. प्रोग्राम म्हणाला, शेत कोरडं. सरांनी शुक्रवारचा बदल उघडून पाहिला. नाव वैशालीचं.

"तू कुठे होतीस तेव्हा?" त्यांनी मला विचारलं.

"चहा आणायला गेले होते, सर."

इतकं पटकन कसं सुचलं मला? वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मी आता बोलेन, असं तिला वाटलं असावं. मी पडद्यावरची नजर काढली नाही. मग तीच म्हणाली, "सॉरी, सर."

नोकरी मला मिळाली. अजून तिथेच आहे. नव्या मुलांना चाचण्या लिहायला शिकवते. वैशाली काय करते, मी कधी विचारलं नाही. घरचे पालीला निघाले की मला नेमकं काहीतरी काम निघतं. लाज वाटते — दुसरं काय?

त्या शुक्रवारी चहा घेऊन आली, तेव्हा हिरवा पडदा बघून तिनं टाळी वाजवली होती. "केलंस की गो!" मला उशीर नको म्हणून माझा चहा तिनं दोन पेल्यांत वरखाली करून निववून दिला. मी तो प्यायले, आणि बोट गाठली.