किरकोळ सुधारणा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे. आता कोंडून ठेवणं होत नाही, एवढंच.

मी भद्रावतीला घरी बसून सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या — काय धंदा निवडला बघा! तीन वर्षांपूर्वी अहेरीकडच्या गावांसाठी एक ॲप आलं. वाघ दिसला की नेमलेल्या बाईने बटन दाबायचं, खबर गार्डला जायची, गार्ड आसपासच्या गावांत भोंग्यावर सांगायचा. फोन आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात — प्रोटोकॉल — तिच्या तीन आवृत्त्या होत्या. नव्या फोनला नवी, जुन्याला जुनी. तिन्हींवर तपासायचं होतं. दोन तपासल्या. तिसरीसाठी लागणारा जुना फोन कपाटात होता, चार्जर सापडेना. असला फोन आता वापरतं कोण? मी तिसऱ्या रकान्यात ‘पास’ लिहिलं. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय.

असला फोन वच्छलाबाई वापरत होती. गावाने नेमलेली बाई तीच.

मोहाच्या दिवसांत तिला संध्याकाळी वाघ दिसला — पलीकडच्या गावाच्या वाटेवर. तिने बटन दाबलं. त्या गावात तिची धाकटी बहीण दिलेली. भोंगा वाजलाच नाही. सकाळी बहीण मोहफुलं वेचायला गेली, आणि दुपारी लोकांना आधी तिची टोपली सापडली.

चौकशीला मला बोलावलं. निघण्याआधी मी कपाट उपसलं. चार्जर मिळाला — तेव्हा बरा मिळाला! बटन दाबलं. पडद्यावर हिरवं आलं, ‘पोचलं’. सर्व्हरवर काहीच नव्हतं. जुन्या आवृत्तीला तो दारात उभं करत नव्हता, आणि ॲप उत्तराची वाट न बघताच हिरवं दाखवत होतं. म्हणजे एसटीत बसलो तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं.

समाजमंदिरात बहिणीचा नवरा समोर बसलेला. वच्छलाबाईने फोन माझ्यापुढे धरला. “हिरवं आलं होतं ना भाऊ! तुमीच सांगा ना यायले. माहं कोनी आयकून नाई राह्यलं.”

मी काय म्हणालो? म्हणालो, “बाई, बटन नीट दाबलं गेलं नसेल.”

बहिणीचा नवरा उठून बाहेर गेला. ती स्वतःचा अंगठा उलटसुलट करून बघत राहिली.

परत येऊन मी ती चूक दुरुस्त करून घेतली. ॲपच्या पुढच्या आवृत्तीसोबत काय बदललं ते लिहावं लागतं. मी लिहिलं — ‘किरकोळ सुधारणा’. या हातांनी लिहिलं. लाज वाटते — पण तीन वर्षं जेवतोय, झोपतोयच की.

तिचं काम गेलं. बहिणीच्या घरचं दार तिला बंद झालं. परवा तिकडचा एक ओळखीचा भेटला. ती आता स्वतःच सांगते म्हणे, “माह्याच अंगठ्यानं घात केला.”

तिने बटन नीट दाबलं होतं.