न पेटणारा तांबडा दिवा

बाबा गेल्यावर त्यांची निळी गाडी विकायची नाही, असं मी ठरवलं. दर रविवारी आईला शेजारी बसवून आमच्या सर्वण गावाहून डिचोलीच्या बाजारात जायचं, एवढंच गाडीचं काम उरलं होतं. पण थोड्याच दिवसांत बॅटरी सारखी उतरू लागली. नवी घातली, तीही महिनाभरात बसली. भाजीच्या पिशव्या धरून आम्ही दोघी ढकलायला माणसं शोधतोय, असं दोनदा झालं. एक गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी भरणारा अल्टरनेटरच गेलाय. या गाडीचा आता मिळायचा नाही. भंगारात घाला."

तेव्हा मला मुळगावचे मिस्त्रीमामा आठवले. तरुणपणी बेळगावकडून खाणीवरच्या ट्रकांच्या वायरिंगला आलेले आणि इथलेच झालेले. आमच्या गाडीचा जुना डायनामो काढून अल्टरनेटर बसवला तो त्यांनीच. मी तेव्हा शाळेत होते. बाबा आणि ते दिवसभर बॉनेटखाली वाकलेले, आणि मी जवळ गेले की बाबा म्हणायचे, "हात काळे होतील, बाजूला हो."

मामा फोनवर म्हणाले, "हात थरथरतात गं माझे. येतो, पण काम तू करायचं. मी नुस्तं सांगणार."

सकाळच्या बसने ते आले. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि जुना मीटर माझ्या हातात दिला. मी बॅटरीला टोकं लावली. इंजिन बंद असताना काटा साडेबारा व्होल्टच्या जरा खाली. इंजिन चालू केलं, तर काटा वर जायच्या ऐवजी बारावर आला.

"चौदाच्या आसपास पायजे होता," मामा म्हणाले. "बंद कर. अल्टरनेटरचा पट्टा दाबून बघ अंगठ्यानं."

पट्टा घट्ट होता. मग अल्टरनेटरच्या मागच्या वायरी सोडवून मी त्यांची टोकं पॉलिश पेपरने घासली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. पुन्हा इंजिन चालू केलं, काटा तिथंच. मला रडू यायचं तेवढं राहिलं.

"म्हणजे गेलाच ना, मामा?"

"गडबड करू नको. इंजिन बंद कर आणि नुस्ती चावी फिरव. डॅशबोर्डवर तांबडा दिवा पेटतोय काय?"

"नाही. कधीपासून पेटतच नाही. मला वाटलं, म्हणजे सगळं ठीक आहे."

मामा मोठ्याने हसले. "अगं, चावी फिरवली की तो पेटायला पायजे आणि इंजिन चालू झालं की विझायला पायजे. त्या दिव्यातनंच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतोय. दिवा जळला की हे झोपलंच!"

डॅशबोर्डमागे हात घालून, बोटं खरचटून घेत मी तो बल्ब काढला. शेंगदाण्याएवढा, आतून काळा पडलेला. मामांनी आपल्या डबीतून दुसरा दिला. तो लावून चावी फिरवली आणि तांबडा दिवा पेटला. इंजिन चालू केलं, तो विझला. काटा सरळ चौदावर गेला. हेडलाइट लावले तरी तिथून फारसा हलला नाही. मामांनी खुर्चीतूनच टाळी वाजवली.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. जळका बल्ब तिने तळहातावर घेऊन उजेडात फिरवून पाहिला.

"ह्यो तुझ्या बाबांनीच जाळलो गो," ती म्हणाली. "डोळ्यांक दिसेना झालां, डॉक्टरान गाडी बंद केली. मगे रोज सांजवेळी गाडयेत जावन बसत. चावी फिरवन रेडिओ ऐकत. तास तासभर तो दिवो पेटलेलो. मी च्याचो कप थंयच गाडयेत नेवन दी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तेंनीच सांगलेलां, तिका कळूक देव नको, नायतर ती चावी काढून घेयत."

खरं होतं. मी तेव्हा पेडण्याला नोकरीला होते आणि फोनवर आईला दोनदा बजावलं होतं, चावी लपवून ठेव म्हणून. मामांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला आणि सावकाश म्हणाले, "शेवटपर्यंत गाडीत होता म्हण की."

दुपारी मामांना मुळगावला सोडायला निघालो. "मयेच्या तळ्यावरनं घे," ते म्हणाले, "लई दिवस झाले बघितलं नाही." वळसा पडत होता, तरी घेतला. तळं यायच्या आधीच मामा मागच्या सीटवर झोपले. आईने वळून पाहिलं आणि मला म्हणाली, "हळू चलव. जागो करू नको तेंका."