कौसल्याबाईंचे सहा गुण

"सर, हे काय भरलं? सहा, नऊ, सात. शाळेचा रिझल्ट डुबवून राहिले का?"

मुख्याध्यापकांनी मार्कलिस्ट माझ्यापुढे सरकवली. दहावीच्या इंग्रजीत ऐंशी गुण लेखी परीक्षेचे. उरलेले वीस शाळा देते, तोंडी परीक्षा आणि वहीकाम पाहून. दोन्ही मिळून पस्तीस झाले की पास. त्या विसातले अठरा-एकोणीस डोळे मिटून देण्याची पद्धत आहे. दरेकसा भागातल्या आमच्या छोट्या शाळेतही तीच होती. मीही देत आलो होतो.

त्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली. घरी पुस्तकं आणि मी. एखादी तरी गोष्ट खरी करावी असं मनाने घेतलं, आणि मी तोंडी परीक्षा खरोखर घेतली.

सहा गुण कौसल्याबाईंचे होते. त्या शाळेत खिचडी शिजवत. वय चौतीस. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, दहावीला बसल्या होत्या. शाळेचा शिपाई निवृत्त होणार होता. "दहावी पास हो, जागा तुझी," असा संस्थेच्या सचिवांनी त्यांना शब्द दिला होता. चार महिने, भांडी घासून झाली की त्या वही घेऊन माझ्यासमोर बसत. पत्रलेखन, उतारा, पुन्हा पत्रलेखन. लेखीत अठरा-वीस मिळतील एवढी तयारी झाली होती.

तोंडीत मी विचारलं, "व्हॉट डू यू कुक?" त्या "राइस" म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं काहीच आलं नाही.

"मले येत होतं सर," नंतर म्हणाल्या. "तुमी साहेबासारखे बसले, मंग तोंडातून निघेचना."

मुख्याध्यापकांनी पेन घेतलं. नऊचे अठरा झाले, सातचे अठरा झाले. सहावर पेन थांबलं.

"ही बाहेरची आहे. आपल्या रिझल्टच्या टक्क्यात धरत नाहीत. राहू द्या सहा," ते हसले. "तुमचं बी मन राहील."

मी एक वाक्य बोलायला हवं होतं: त्यांनाही अठरा द्या. बोललो नाही. सगळ्या यादीत एक आकडा तरी माझा राहिला, याचं मला बरं वाटलं. मी सही केली.

निकाल लागला. लेखीत अठरा. एकूण चोवीस. नापास.

कौसल्याबाई स्टाफरूमच्या दारात आल्या. "सर, त्या सरपंचाच्या पोराले धड नाव लिहिता येत नाही. त्याले अठरा, अन् मले सहा काऊन?"

"बाई, तुमचे गुण खरे होते."

"खरे? मंग त्याचं काय करू? खिचडीत टाकू?"

शिपायाची जागा जूनमध्ये सचिवांच्या भाच्याला मिळाली. जुलैत फेरपरीक्षा होती. तो रोवण्याचा महिना. त्या धान लावायला गेल्या. जागाच गेल्यावर त्यांनी फॉर्म भरला नाही.

मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव घेऊन रजिस्टरवर सही करण्याचं काम माझ्याकडे आहे. कौसल्याबाई वाटी टेबलावर ठेवतात आणि चुलीकडे परत जातात.

तोंडी परीक्षा मी आता घेत नाही. सगळ्यांना अठरा भरतो. बाहेरून बसणाऱ्यांचे आधी.