डोंगरावरच्या देशाला आम्ही दोघं

म्युनिकजवळ गार्चिंगला मुलाकडे राहतो तेव्हा मला एकट्यानं दुकानापलीकडे जायची परवानगी नसते. चौथी शिकलोय, पण चाळीस वर्षं कराडच्या बाजारात कांद्याची दलाली केली. मुलाला म्हणालो, "लिख्टनस्टाइन म्हणून डोंगरातला देश आहे ना, तिथं मी आणि तुझी आई जाऊन येतो. बसनं, रेल्वेनं."

तो म्हणाला, "घरातून निघून घरात परत या. मध्ये मला बोलवावं लागलं, तर यापुढे एकटं फिरायचं नाव काढायचं नाही."

"बरं," म्हणालो.

दोन आगगाड्या आणि एक बस बदलून देशात पोचलो. शिपाई नाही, फाटक नाही, कुणी पासपोर्ट विचारला नाही. आमचा तालुका याहून मोठा आहे. तिथून वर डोंगरातल्या गावाला जाणारी बस धरली.

गाव जवळ आलं तसा मी पिशवी घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. एसटीत दारात उभा राहिला की माणसाला उतरायचंय, हे कंडक्टरला सांगावं लागत नाही. बस गावातून निघून गेली.

"अहो, बटण दाबायचं असतं," बायको बसल्या जागेवरून म्हणाली.

"दारात उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही?"

"दिसतोय. त्याला वाटत असेल, तुम्हाला उभं राहायला आवडतं."

बस डोंगराच्या पार टोकाला जाऊन थांबली. पुढे रस्ताच नव्हता. तिथं बाकावर बसून आम्ही थालीपीठ खाल्लं. थंडी होती. मुलाचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात? येऊ का घ्यायला?"

"डोंगर बघतोय. येऊ नकोस."

"गाव कसं आहे?"

"बसमधून बघितलं. चांगलं आहे."

खाली येताना मी पुन्हा दारात उभा राहिलो. आता उतरायचं चुकलं असतं तर पुढची गाडी हुकली असती, आणि मग मुलाला बोलवावंच लागलं असतं. बायकोनं मागून बटण दाबलं. बस थांबली. ती कशामुळे थांबली, यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

अंधार पडल्यावर गार्चिंगच्या भुयारी स्टेशनातून वर आलो, तर मुलगा गाडी घेऊन उभा.

"सहज आलो होतो," म्हणाला. "बसा."

बायको बसली. तिचे गुडघे दुखत होते, आणि पैज तिची नव्हती. मी चालायला लागलो. तो शेजारून हळूहळू गाडी चालवत राहिला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

"बाबा, बसा आता. जिंकलात तुम्ही."

"घर आल्यावर सांग," मी म्हणालो.