एकदा अडलेली किल्ली

नवरी झालेल्या पुतणीला सोनागिरीच्या लग्नमंडपात पोचवायचं होतं, मुहूर्त तोंडावर आला होता, आणि माझी म्हातारी जर्मन गाडी अशोका गार्डनच्या चौकात बंद पडली. एकदा किल्ली फिरवली, गाडी नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा किल्ली हलेचना! मी असा जोर लावला की मंडीदीपच्या कारखान्यांची कुलुपं उघडली असतील. "धक्का मारो, अंकल!" लोक ओरडत होते.

तेवढ्यात स्कूटीवरून एक बाई उतरल्या. पिशवीतून दुधी डोकावत होता. पदर खोचून त्यांनी मला सीटवरून उठवलं, किल्ली पार मागे घेतली, क्षणभर गप्प बसल्या आणि मग फिरवली. गाडी वाघासारखी गुरगुरली.

"ताई, मेकॅनिक आहात?"

"छे हो काका! आमच्याकडे हीच गाडी होती. किल्ली पूर्ण मागे नेल्याशिवाय दुसऱ्यांदा फिरतच नाही. आमचे हेही तस्सेच. अडले की तिथूनच रेटायचं नाही. मागे यायचं, गप्प बसायचं, मग पहिल्यापासून विचारायचं."

मुंडावळ्या बांधलेली पुतणी मागे कान टवकारून ऐकत होती.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती गाडी मी केव्हाच भंगारात दिली. जावई मात्र पुतणीच्या हाती अजून पहिल्या झटक्यात सुरू होतात.